माइककाका आणि गुरुवारचे पाहुणे

माइककाकांचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. सत्तावीस वर्षं कारखान्याची पहिली पाळी केलेल्या माणसाच्या अंगातच भोंगा बसलेला असतो. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी हा भोंगा काही बंद पडला नव्हता.

ते स्वयंपाकघरात जायचे तेव्हा खिडकीकडे पाठ करून थोरले भाऊ बसलेले असायचे. दादाही त्याच भोंग्यावर उठायचे. फरक एवढाच, की काकांना कामावर जायचं असायचं आणि दादांना कुठेच जायचं नसायचं. काका चहा टाकायचे. दोघे न बोलता प्यायचे. मग वहिनी उठायच्या, आणि घरातलं त्या दिवसाचं पहिलं वाक्य त्यांचं असायचं.

"झाला का दोन्ही पुतळ्यांचा चहा?"

काकांचं लग्न करायचं राहून गेलं होतं. घर तिघांचंच. जुन्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या, मधे पडदा. वसाहतीतल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्या कारखान्यात होतं. पितळी व्हॉल्व्ह बनायचे तिथे, आणि पेट्यांत भरून जहाजाने परदेशी जायचे. काका लेथवर व्हॉल्व्हना आटे पाडायचे. दादा तपासणीच्या टेबलावर ते आटे गेज घालून बघायचे. गेज म्हणजे वीतभर पोलादी दांडी, दोन्ही टोकांना आटे. एक टोक व्हॉल्व्हमध्ये फिरत आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं की दादा तुकड्यावर आपला शिक्का मारायचे. एकतीस वर्षं हेच केलं. वसाहतीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे गेजमास्तर म्हणायचे, आणि म्हणताना आवाजात मान असायचा.

शेवटच्या वर्षी जूनमध्ये एक मोठा माल परत आला. आटे घट्ट होते, तिकडचे पाइप त्यांत बसेनात. एकूण एक तुकड्यावर दादांचा शिक्का. ऑगस्टमध्ये फाटकावर नोटीस लागली. माल परत आला म्हणून गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं म्हणून कारखाना बंद. नोटिशीत कोणाचं नाव नव्हतं. घालायची गरजच नव्हती.

पहिला आठवडा लोक गप्प होते. दुसऱ्या आठवड्यात दादांच्या भिंतीवर कोणीतरी खडूने लिहिलं: "तपासून पास." वहिनींनी ते ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं. तेव्हापासून दादा दिवसाउजेडी वसाहतीच्या रस्त्यावर दिसले नाहीत. डॉक्टरकडे जायचं झालं तर पहाटे, दाराशी गाडी लावून. गेजमास्तर हा शब्द राहिला, पण आता पोरं तो एकमेकांना शिवी म्हणून द्यायची.

काकांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. दादांनी भर दुपारी त्या रस्त्याने टोकापर्यंत जाऊन यावं, आणि पाठीमागे कोणी काही बोलू नये.

कारखान्यानंतर काकांनी मिळेल ते केलं. शेवटी एका ठेकेदारामार्फत मॅनेजमेंट कॉलेजच्या सभागृहात लागले. कॉलेजात पदवी झालेली मुलं परदेशी व्यापार शिकायला यायची. दर गुरुवारी अकरा वाजता बाहेरचा पाहुणा यायचा आणि जगात धंदा कसा करावा ते सांगायचा. सभागृह तयार ठेवायचं, माइक लावायचे आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी ज्याने हात वर केला त्याच्यापर्यंत माइक न्यायचा, हे काकांचं काम. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं माइककाका.

काम हलकं होतं, पण काकांनी ते हलक्यात घेतलं नाही. सकाळी सातला ते कुलूप उघडायचे. दोनशे चाळीस खुर्च्या. प्रत्येक खुर्चीची बैठक हाताने दाबून बघायची, कारण भरल्या सभागृहात एक खुर्ची करकरली की पाहुण्याचं वाक्य मोडतं. जमिनीवरची प्रत्येक वायर पट्टीने चिकटवायची, पट्टीला एक सुरकुती नको. माइकच्या बॅटऱ्या दर गुरुवारी नव्या. जुन्या अजून अर्ध्या चालायच्या, त्या घड्याळांना. पाहुण्याच्या टेबलावर बाटली ठेवायची नाही, पेला ठेवायचा, कारण बाटलीचं झाकण माइकजवळ उघडलं की गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. बुटक्या पाहुण्यासाठी त्यांनी स्वतः रंधा मारून एक पाट केला होता. तो टेबलामागे असा ठेवायचा की मुलांना दिसू नये.

आठ वर्षांत काकांनी तीनशेच्या वर पाहुणे ऐकले. त्यांनी त्यांच्या जाती पाडल्या होत्या. माइकवर टिचकी मारणारे, माइकमध्ये फुंकणारे, आणि "मला माइकची गरज नाही" म्हणून अर्ध्या तासात घसा बसवून घेणारे. पण सगळ्यांकडे जगाचा नकाशा असायचाच, मालाचे बाण काढलेला. "पाहुणा आला की नकाशा आला," काका घरी सांगायचे. "पहिल्या पाच मिनिटांत आला तर पाहुणा बरा. उशिरा आला तर समजावं, याच्याकडे सांगायला दुसरं काही नाही."

"आणि त्या नकाशात आपली वसाहत कुठे असते हो भाऊजी?" वहिनी विचारायच्या.

"असते की. बाण सुटतो तिथे."

दादा अशा वेळी हसायचे नाहीत. पण पेला खाली ठेवायचे, म्हणजे ऐकत असायचे.

पाहुणे आपल्या स्लाइड्स आदल्या दिवशी पाठवायचे. काका त्या मोठ्या पडद्यावर चालवून बघायचे. अक्षरं मागच्या रांगेतून वाचता येतात का, फोटो फुटतात का, एवढंच. एका बुधवारी दुपारी ते मागच्या रांगेत उभे राहून हातातलं बटण दाबत होते. नकाशा आला. एक तक्ता आला. आणि मग पडद्यावर त्यांच्या कारखान्याचं फाटक आलं.

डावीकडच्या खांबाचा ट्रकच्या धडकेने उडालेला टवका तसाच होता. काकांनी बटणावरचं बोट उचललं नाही की दाबलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर एक आडवी रेघ होती आणि रेघेवर महिने होते. मार्च. एप्रिल. पुढच्या वर्षीचा जून. ऑगस्ट. शेवटचे दोन महिने त्यांना पाठ होते. पहिले दोन कशाचे, ते कळेना.

पाहुण्याचं नाव त्यांनी पुन्हा वाचलं. त्या नावाने काही आठवेना. शेवटच्या स्लाइडवर फोटो होता, तेव्हा आठवलं. भट्टीच्या उष्णतेत गळ्यात टाय आवळून दोनदा फिरून गेलेले मुख्य कचेरीतले साहेब. कामगारांनी त्यांना टायवाला म्हटलं होतं. केस पांढरे झाले होते. टाय तशीच होती.

घरी काकांनी काही सांगितलं नाही. हाती काही नसताना आशा दाखवणं त्यांना जमत नसे.

गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं केलं. एकच गोष्ट जास्त केली. कडेच्या स्पीकरखाली आपला फोन ठेवला आणि आवाज टिपायचं बटण दाबलं.

साहेब बोलायला चांगले होते. माइकवर टिचकी मारली नाही, फुंकले नाहीत. नकाशा तिसऱ्या मिनिटाला आला.

"मित्रांनो, कारखाना बंद करणं अवघड नसतं," साहेब म्हणाले. "त्याचं कारण सांगणं अवघड असतं. हा कारखाना बघा. माल उत्तम, कामगार उत्तम. पण हाच व्हॉल्व्ह दुसऱ्या देशात निम्म्या खर्चात होत होता. मार्चमध्ये आम्ही ठरवलं, हा बंद करायचा. ठरवलं ते चार जणांनी, आणि कळलं ते चारच जणांना. एप्रिलपासून नव्या हत्यारांवरचा खर्च शून्य. जे घर पाडायचंय त्याला कोणी रंग देतं का?"

मुलं हसली.

"मग वर्षभर आम्ही कारण शोधत होतो. आणि पुढच्या जूनमध्ये नशिबाने हात दिला. एक माल परत आला! कामगारांना पटेल असं कारण आयतं मिळालं. मोर्चा नाही, कोर्ट नाही. देऊ केली ती भरपाई मान खाली घालून घेतली त्यांनी. याला मी म्हणतो, सभ्य निरोप."

आवाजाच्या यंत्रापाशी उभे काका मनात महिने जुळवत होते. एप्रिलपासून खर्च शून्य. दादांनी नव्या गेजसाठी पहिली चिठ्ठी दिली होती ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात. जुनं गेज झिजलं होतं. झिजलेलं गेज बारीक होतं, आणि बारीक झालं की घट्ट आट्यांतही जातं. दादांनी तेच चिठ्ठीत लिहिलं होतं. दुसरी चिठ्ठी विनवणीची, तिसरी रागाची. उत्तर तिन्ही वेळा एकच: पुढच्या तिमाहीत बघू. काकांच्या लेथवरचा आटे पाडायचा टॅपही झिजला होता. तोही मिळाला नव्हता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, भांडारातला कारकून आळशी आहे.

भाषण संपलं. कार्यक्रम बघणाऱ्या प्राध्यापक मॅडम उठून म्हणाल्या, "प्रश्न?" काका हातातला माइक घेऊन निघाले. एका मुलाने चलनाच्या भावाबद्दल विचारलं. एका मुलीने साहेबांच्या कंपनीत इंटर्नशिप मिळेल का ते विचारलं. मग कोणी हात वर करेना.

"शेवटचा एक प्रश्न?" मॅडम म्हणाल्या.

काका मधल्या वाटेत उभे होते. आठ वर्षांत त्यांनी तो माइक हजारदा दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला होता. या वेळी तो आपल्या तोंडासमोर धरला.

"साहेब, गेज तीनदा मागितलं होतं."

सभागृहातली डोकी वळली. साहेबांनी डोळे बारीक केले. "आपण?"

"त्या कारखान्यात लेथवर होतो. सत्तावीस वर्षं. आता इथे माइक लावतो."

कोणीतरी हसलं. हसणं वाईट नव्हतं, पण हसणंच होतं.

"तपासणीवाल्याने लेखी कळवलं होतं, गेज झिजलंय, नवं द्या. तीनदा नाही म्हणाले. ते नाही कोणाचं?"

साहेब गडबडले नाहीत. "माझं. सही माझीच असणार."

"आणि माल परत आला नसता तर?"

"तर दुसरं कारण शोधलं असतं. त्या वर्षी तो बंद व्हायचाच होता."

"म्हणजे तपासणीवाल्यामुळे बंद झाला नाही."

"कोणामुळेच नाही हो, काका. तो एक निर्णय होता."

"हे कागदावर लिहून द्याल का?"

साहेब हसले आणि दोन्ही हात मुलांकडे पसरून म्हणाले, "बघितलंत मित्रांनो? हा धडा पुस्तकात मिळत नाही. काकांसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

दोनशे चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतली मुलं उभी राहिली. काकांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे त्या टाळ्या सगळ्या स्पीकरांतून आणखी मोठ्या होऊन परत आल्या. काकांनी माइक बंद केला. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

बाहेर गाडीपाशी त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिहून दिलं की वकील येतात, काका. माझं ऐका, जुनं उगाळू नका." आणि गाडीत बसले.

दुपारी व्यवस्थापकांनी बोलावलं. मॅडमही बसल्या होत्या.

"तुम्ही खोटं बोललात असं कोणी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "पण पाहुणे पुन्हा यायला नको म्हणतील."

"माइक तुमच्या हातात दुसऱ्याला द्यायला दिला होता," व्यवस्थापक म्हणाले. "बोलायला नव्हे. उद्या शिपाई विचारेल, परवा स्वयंपाकी. ठेकेदाराला कळवलंय. हा महिना पुरा करा."

"करतो," काका म्हणाले. "पाटाचा एक पाय सैल झालाय. तो करून जातो."

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दादा खुर्चीत होते, वहिनी पडद्याआड कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी नोकरीचं सांगितलं नाही. फोन टेबलावर ठेवला.

"दादा, टायवाला आठवतो? ऐक."

आवाज थोडा घुमत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. वहिनी हातातली घडी तशीच घेऊन बाहेर आल्या. शेवटी टाळ्या आल्या तेव्हा त्या ओरडल्याच, "अहो, ऐकलंत का? सुटलात तुम्ही! भाऊजी, ती खिडकी उघडा आणि लावा हे मोठ्याने. ऐकू दे सगळ्यांना. एकेकाची तोंडं बघते मी आता."

"पुन्हा लाव," दादा म्हणाले.

काकांनी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा दादांनी मधेच हात वर केला.

"एप्रिल म्हणाला?"

"एप्रिल."

"म्हणजे माझी पहिली चिठ्ठी गेली तेव्हा ठरलेलं होतं."

"ठरलेलं होतं."

"मी सगळा माल अगदी एक नंबर पास केला असता तरी?"

"तरी बंदच."

"आणि सगळं भंगार पास केलं असतं तरी?"

"तरी बंदच, दादा. तेच तर सांगतोय. तुझ्यामुळे काही झालं नाही."

दादांनी टेबलावरचा फोन उचलला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. "माझ्यामुळे काहीच झालं नाही," ते म्हणाले. "मग एकतीस वर्षं मी तिथे करत काय होतो?"

वहिनी म्हणाल्या, "असं काय बोलता? सुटलात की."

"सुटलो कुठे? गळून पडलो."

काकांना राग आला. इतकी वर्षं त्यांनी दादांवर आवाज चढवला नव्हता. "मी त्या टायवाल्यापुढे उभा राहिलो, भर सभागृहात. तुझं नाव धुऊन आणलं. आणि तू गळून पडतोस?"

"एक सांगू?" दादा शांतपणे म्हणाले. "हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. तिसऱ्या पेटीपाशी हाताला कळलं होतं."

"काय?"

"गेज आत जात होतं. पण मनगटाला ओढ लागत होती. गेज झिजलेलं असलं तरी हात झिजलेला नव्हता माझा. पहिल्या दोन पेट्या ठीक होत्या. तिसरीपासून ओढ. ट्रक दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. म्हटलं, गेज गेलं ना, मग गेलं. हाताला वाटलं एवढ्यावर मी काय लिहून देऊ? आणि मारत गेलो शिक्का. तो टायवाल्याने नाही मारला."

"आटे माझ्या लेथवरचे होते," काका म्हणाले. "टॅप माझाही झिजला होता."

"तुझं काम पाडायचं. माझं बघायचं. तुझं चुकलं तर ते धरायला मला ठेवलं होतं. तू चुकू शकत होतास. मी नाही."

लेथवरच्या माणसाला ते पटलंच होतं, आणि भावाला पटवून घ्यायचं नव्हतं.

रविवारी ते फोन घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेले. वसाहतीतली जुनी मंडळी रविवारी तिथे जमायची. दादांविरुद्ध सगळ्यांत मोठ्याने बोलणारा भट्टीवाला खुर्चीत बसला होता, गालाला साबण. काकांनी फोन लावला. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. साहेब "सभ्य निरोप" म्हणाले तेव्हा भट्टीवाल्याने गळ्यातलं फडकं ओढून काढलं.

"कशाला आणलंस हे?"

"तुम्ही अकरा वर्षं दादाला बोललात. ते खोटं होतं, हे कळावं म्हणून."

"अरे, आम्ही भरपाई कमी घेतली ती का? तुझ्या भावाच्या शिक्क्यामुळे मान खाली गेली म्हणून. आपलाच माणूस चुकला, आता भांडायचं कुठल्या तोंडाने? आणि तू आज सांगतोस, भांडता आलं असतं!" त्याच्या गालावरचा साबण सुकून पांढरा पडला होता. "तेव्हा कळलं असतं तर उपयोग होता. आता हे घेऊन मी काय करू? चाटू?"

"दादाला एकदा भेट."

"जा बाबा. माझी दाढी होऊ दे."

दुसरा एक जण पुटपुटला, "आगीशिवाय धूर निघतो होय? शिक्का तर त्याचाच होता ना." आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. अकरा वर्षं ज्या खुंटीवर राग टांगला ती खुंटी एका सकाळी कोण उपटू देईल?

दादांना हे कळलं. वसाहतीत भिंतींना कान नव्हते, पण वहिनींना होते. दादा त्यांना रागावले नाहीत. काकांनाही नाही. चार-पाच दिवसांनी पहाटे चहा पिताना मात्र एकदम म्हणाले:

"लोक अर्धं खोटं सांगतात. तूही अर्धंच सांगत फिरतोस."

"मग काय सांगू?"

"सांगायचंच असेल तर दोन्ही सांग. बंद माझ्यामुळे झाला नाही, हे सांग. आणि तिसरी पेटी मी कळून सोडली, हेही सांग. एक सांगून दुसरं गाळायचं असेल तर गप्प बस."

"दुसरं सांगितलं तर लोक तेवढंच धरतील."

"धरू देत. धरण्यासारखं तेवढंच आहे त्यात. बाकीचं सगळं त्या टायवाल्याचं."

काकांनी तो महिना पुरा केला. पाटाचा पाय बसवला. उरलेले दोन गुरुवार पाहुणे आले, नकाशे आले. मुलं आता काकांना बघून हसायची, एखादा अंगठा दाखवायचा. एका मुलाने विचारलं, "काका, त्या विषयावर मला प्रकल्प करायचाय. आकडे मिळतील का तुमच्याकडे?" काका म्हणाले, "आकडे त्यांच्याकडे. आमच्याकडे माणूस आहे, पण तो बाहेर येत नाही." मुलाने तेही वहीत लिहून घेतलं. नव्या माणसाला काकांनी दोन दिवस काम शिकवलं. त्याने वायरीवरची पट्टी वाकडी लावली, ती त्याच्यादेखत काढून पुन्हा लावायला लावली.

महिना संपायला तीन दिवस होते. काका पावणेपाचला उठले आणि स्वयंपाकघरातली खुर्ची रिकामी होती. त्यांनी चहा टाकला, दोन पेले भरले, वाट बघितली. मग पडदा बाजूला केला. वहिनी गाढ झोपलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी दादाही झोपलेलेच वाटत होते, फक्त तोंड खिडकीकडे होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच.

दादांना नेलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन. अकरा वर्षांनी ते वसाहतीच्या रस्त्याने दिवसाउजेडी टोकापर्यंत गेले. दारं बरीच उघडी होती, पण बाहेर कोणी आलं नाही. भट्टीवाला आपल्या दारात उभा होता. गाडी जवळ आली तसा तो आत गेला. मागून कोणी काही बोललं नाही. काकांना जे हवं होतं ते असं मिळालं.

पगार झाला त्या दिवशी काका शहरातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. निधनवार्ता घेणारी खिडकी जिन्याखाली होती. खिडकीतल्या बाईंनी त्यांचा कागद वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला.

"काका, हे फार लांब आहे. ओळीवर आकार असतो."

"माहितीय."

"नाव, वय, मागे कोण, एवढं पुरतं. लोक तेवढंच वाचतात."

"आमच्या वसाहतीतले सगळं वाचतील."

बाईंनी पेनाचं टोक शेवटच्या ओळीवर ठेवलं. "बरं, वरचं ठेवू. पण ही ओळ तरी काढा. गेलेल्या माणसाचं कोणी असं छापतं का? तुमचे सख्खे भाऊ ना?"

"सख्खे. तीच ओळ ठेवायची. जागा कमी पडत असेल तर फोटो काढा."

"फोटो काढू?"

"काढा. त्यांना सगळे ओळखतात."

बाईंनी आणखी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग शब्द मोजायला घेतले.

रविवारच्या अंकात, पाचव्या पानावर, दोन हसऱ्या फोटोंच्या मधे बिनफोटोचा एक मजकूर आला. वर नाव आणि वय होतं. खाली लिहिलं होतं:

"व्हॉल्व्ह कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस. गेज झिजल्याचे तीनदा लेखी कळवले, नवे मिळाले नाही. कारखाना बंद करण्याचा निर्णय माल परत येण्याच्या पंधरा महिने आधीच झाला होता, असे निर्णय घेणाऱ्यांनी जाहीर सभेत सांगितले आहे. कारखाना यांच्यामुळे बंद पडला नाही. त्या मालातील तिसऱ्या पेटीपासून पुढचे आटे घट्ट होते; ते हाताला कळूनही आपण पास केले, असे त्यांनी स्वतः सांगितले. धाकटा भाऊ, लेथ विभाग."

काकांचा शेवटचा पगार त्यात गेला.